वावळ्याचे बी पेरावयाचे कोणी?

भाताच्या मुलखात झाडाची आठवण शेतकऱ्यास वर्षातून दोनदा होते. एकदा राबासाठी फांद्या खांडावयाच्या असतात तेव्हा, आणि एकदा घरास वासा किंवा चुलीस सरपण कमी पडते तेव्हा. दोन्ही प्रसंगी झाड खर्ची पडते. जमेस काहीच धरले जात नाही. साग लावणारे, आंबा लावणारे, काजूची कलमे बांधणारे शेतकरी पुष्कळ आहेत व त्यांचे कौतुकही होते. परंतु ज्या झाडांच्या आधाराने आपल्या बांधांचा, ओढ्यांचा व वरकस जमिनींचा संसार पिढ्यान् पिढ्या चालला, ती झाडे कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. म्हणून ती जाताना कोणास हळहळही वाटत नाही. अशा झाडांपैकी वावळा हा एक होय. त्याची बाजू शेतकरी बंधूंपुढे मांडावी, आणि टिटवाळा व काळू नदीच्या खोऱ्यातील खातेदारांनी तो आपल्या हातांनी पेरावा असा आग्रह धरावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

वावळ्यास कोठे वावळ तर कोठे वावळी असेही म्हणतात. हिंदीत तो चिलबिल, गुजरातीत कणजो व संस्कृतात चिरबिल्व या नावांनी ओळखला जातो. विलायतेत ज्यास एल्म म्हणतात त्याच कुळातला हा आपला देशी वृक्ष. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यास प्रथम एल्ममध्येच घातले होते. पुढे १८४८ साली प्लांशाँ याने त्यास निराळे काढून ‘होलोप्टेलिया’ हे नाव दिले. पानाची कड विलायती एल्मप्रमाणे करवतीसारखी नसून अखंड असते, म्हणून ‘इंटेग्रिफोलिया’ हे त्याचे दुसरे नाव पडले. झाड पन्नास-साठ फूट सहज वाढते व चांगल्या जागी त्याहूनही उंच जाते. साल करड्या रंगाची. पान चुरगळले की उग्र दुर्गंधी येते, आणि ही खूण लहान मुलासही सांगता येते. पौषाच्या सुमारास पाने झडतात, उघड्या फांद्यांवर बारीक हिरवट फुलांचे झुबके येतात, आणि चैत्र-वैशाखात वाटोळ्या, चपट्या, रुपयाएवढ्या पापड्यांनी झाड लगडून जाते. पापडीच्या मध्यभागी एकच बी असते. ते सोलून चारोळीप्रमाणे खाणारी गावची पोरे वावळ्यास चांगली ओळखतात. त्यांचे वडील त्यास विसरत चालले आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. या झाडाची सारी अडचण त्याच्या बियात आहे. सागाचे बी वर्षभर पोत्यात राहिले तरी चालते. बाभळीचे बी कठीण कवचामुळे दीर्घ काळ टिकते. वावळ्याच्या बियाचे तसे नाही. पापडी पिकली, वाळली, वाऱ्याने उडाली की तिच्यातील जीव फार दिवस टिकत नाही. ताजे बी पेरले तर ते चांगले उगवते. तेच बी साठवून दुसऱ्या वर्षी पेरले तर मेहनत बहुधा फुकट जाते. म्हणून दूरच्या रोपवाटिकेस, जेथे बी एका हंगामात खरेदी होते, कोठारात पडते व सवडीने पेरले जाते, हे झाड सोयीचे नाही. जे सोयीचे नाही ते रोपवाटिकेत वाढत नाही, आणि जे रोपवाटिकेत नाही ते वृक्षारोपणाच्या खड्ड्यात जात नाही. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला व २०१९ साली हाच आकडा तेहतीस कोटींवर गेला. आकडे मोठे असतात तेव्हा जे रोप मुबलक व झटपट मिळते तेच पुढे येते, हे उघड आहे. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. वावळ्याचे बी ज्या आठवड्यात पिकते त्या आठवड्यात झाडाखाली जो उभा असेल, त्यानेच ते पेरले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे; आणि त्या आठवड्यात झाडाखाली शेतकऱ्यावाचून दुसरे कोण उभे असणार?

कोणी म्हणतील की झाड इतके उपयोगी आहे तर सरकार कायद्याने त्याचे रक्षण का करीत नाही? महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ साली झाला. त्याच्या परिशिष्टात साग, ऐन, खैर, बिवळा, हळदू, तिवस, किंजळ, मोह, हिरडा, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, चंदन, अंजन व खारफुटी अशी नावे आहेत. वावळा त्यात नाही. परिणाम असा की, ज्या बांधावर ऐन व वावळा शेजारी उभे आहेत तेथे कुऱ्हाड प्रथम वावळ्यावर पडते, कारण त्यात विचारपूस कमी. तर मग त्याचेही नाव परिशिष्टात घालावे काय? आमचे मत तसे नाही. ज्या झाडास हात लावण्यासाठी कचेरीचे हेलपाटे घालावे लागतील, त्याचे रोप आपल्या बांधावर मोठे होऊ द्यावे की लहानपणीच उपटून टाकावे, असा विचार सामान्य शेतकरी करतो. आणि हा विचार नीतीने बरा नसला तरी व्यवहाराने खोटा नाही. वावळ्याचे नाव यादीत नाही ही लावणाऱ्यास सोयच समजावी. जे आपण लावू ते आपणांस वापरता येईल, ही खात्री लागवडीस फार मोठी चालना देते. तथापि महानगरपालिकेच्या हद्दीतील जमिनीस १९७५ सालचा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा लागू आहे व तो सर्वच झाडांस लागतो. २०२१ सालच्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांस वारसा वृक्षाचे विशेष संरक्षणही मिळाले आहे. तेव्हा ज्यांची जमीन त्या हद्दीत आहे त्यांनी परवानगीवाचून कुऱ्हाड लावू नये.

टिटवाळ्याची गोष्ट येथे मुद्दाम सांगावयाची ती याच कारणाने. मांडा-टिटवाळा हा भाग कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडतो, तर काळूपलीकडील रुंदे, फळेगाव या बाजूस अजून ग्रामपंचायतीचा कारभार व भाताची खाचरे आहेत. एका काठावर इमारती, दुसऱ्या काठावर शेती, अशी ही सीमा आहे, आणि ती दरवर्षी सरकते आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो रस्ता कल्याण तालुक्यातून जातो. त्याच्या आजूबाजूच्या जमिनीकडे शेत म्हणून पाहणारे कमी व भूखंड म्हणून पाहणारे अधिक झाले आहेत. विकणाऱ्यास आम्ही बोल लावीत नाही. ज्याच्या घरी लग्न, शिक्षण किंवा दुखणे आहे त्याचा प्रश्न तोच जाणतो. परंतु ज्यांनी जमीन राखावयाचे ठरविले आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भूखंड पडताना सर्वांत आधी जाते ती वरकस जमीन. आणि वरकस गेली की राब, गवत, सरपण, चारा ही सारी भाताच्या शेतीची पाठराखण एकदम जाते. पूर्वी गावच्या चार माळांवर विखुरलेली झाडे जे देत होती, ते आता उरलेल्या थोड्या जागेतून मिळवावे लागणार आहे. म्हणून तेथे काय उभे असावे याचा विचार आजच केला पाहिजे.

वावळा काय देतो ते क्रमाने पाहू. पहिला लाभ चाऱ्याचा. याची पाने गुरे व शेळ्या खातात. नवी पालवी चैत्र-वैशाखात फुटते, म्हणजे माळावरचे गवत संपलेले व पावसाळ्याचे अजून उगवलेले नसते त्या नेमक्या ओढगस्तीच्या दिवसांत. दुसरा लाभ सरपणाचा. बुंधा कापला तरी त्यास जोमाने धुमारे फुटतात, त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने एकाच झाडापासून पुनःपुन्हा जळण घेता येते व नवे झाड लावण्याची गरज पडत नाही. तिसरा लाकडाचा. लाकूड फिकट पिवळसर, मध्यम कठीण, घनमीटरास अदमासे ६०० किलो वजनाचे असते. गाडीचे काम, पेट्या, खोकी, हलके फर्निचर, कोरीव काम, आगपेट्या व प्लायवूड यांसाठी ते वापरले जाते. मात्र त्याचा एक दोष शेतकऱ्याने आधीच जाणावा. तोडलेला ओंडका तसाच पडू दिला तर लाकडास करडा डाग चढतो व भाव उतरतो; जमिनीत गाडलेला खांब लवकर कुजतो. म्हणून झाड कोरड्या दिवसांत तोडावे, ताबडतोब चिरून घ्यावे, फळ्या सावलीत हवा खेळेल अशा रचाव्या, आणि कुंपणाच्या खांबासाठी हे लाकूड वापरूच नये. साग तो साग. वावळ्यास सागाची सर येणार नाही. परंतु ज्या कामास सागाची जरुरी नाही त्या कामासाठी साग विकत घेणे हेही शहाणपणाचे नव्हे.

चौथा लाभ बांधाचा व काठाचा. २६ जुलै २००५ चा प्रलय या जिल्ह्यात कोणी विसरलेला नाही, आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास खोऱ्याने पुन्हा पूर पाहिला. पूर ओसरल्यावर काठाची किती माती गेली हे ज्याची जमीन नदीस लागून आहे तोच सांगू शकतो. उघड्या काठापेक्षा झाडांनी बांधलेला काठ अधिक टिकतो, यास पुराव्याची गरज नाही. केवळ वावळ्याने हे काम होईल असे नव्हे. पाण्याशी लगट करणारे करंज, जांभूळ, उंबर पुढच्या रांगेत व वावळा मागच्या, निचऱ्याच्या रांगेत, अशी योजना असावी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सावलीचा. पावसाळ्यात वावळ्यास भरगच्च पाने असतात, म्हणून भाताच्या खाचराच्या मधल्या बांधावर तो लावू नये हे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु दिवाळीनंतर खाचरात जो वाल किंवा हरभरा आपण ओलीवर घेतो, त्याच्या ऐन वाढीच्या दिवसांत वावळ्याची पाने झडलेली असतात व ऊन खाली पोहोचते. बारमाही हिरव्या झाडांत हा गुण नाही. शेताच्या उत्तर हद्दीस झाड लावले तर भाद्रपद-आश्विनात भात निसवते त्या वेळी सावली शेताबाहेर पडते. मात्र शेजाऱ्याच्या खाचरावर ती पडणार नाही एवढे पाहावे, नाहीतर झाडाऐवजी तंटा वाढेल.

दुसरा आक्षेप असा की, सामाजिक वनीकरणाच्या काळापासून सुबाभूळ, गिरीपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडे सांगितली गेली. ती वावळ्यापेक्षा लवकर वाढतात, मग वावळा कशास? गिरीपुष्पाविषयी आमचा वाद नाही. ते हवेतील नत्र जमिनीत आणते, त्याचा पाला भातखाचरात गाडल्यास खताचे काम होते, आणि चारसूत्री भातलागवडीत त्यास रास्त स्थान दिलेले आहे. वावळा नत्र आणीत नाही. हिरवळीच्या खतासाठी त्याची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु गिरीपुष्पाच्या काठ्यांची फळी निघत नाही. घरात भाकरी असली म्हणून भात नको असे आपण म्हणत नाही. प्रत्येक झाडास त्याचे काम व त्याची जागा द्यावी, हाच खरा न्याय.

तिसरा आक्षेप आरोग्याचा आहे व तो खरा आहे. वावळ्याचे पराग वाऱ्याने उडतात व काही माणसांस त्यांमुळे शिंका, सर्दी किंवा दम्याचा त्रास होतो, हे उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः दिल्लीकडे, तपासणीने सिद्ध झालेले आहे. म्हणून घराच्या ओसरीपुढे, शाळेच्या अंगणात किंवा इमारतींच्या दाट वस्तीत वावळ्याच्या रांगा लावू नयेत. त्याची जागा माळावर, ओढ्याकाठी व शेताच्या हद्दीवर आहे. ज्याच्या घरी दमेकरी आहे त्याने दुसरे झाड निवडावे.

लागवडीची रीत कठीण नाही. पापड्या हिरव्याच्या तपकिरी होऊ लागल्या व वाऱ्याने गळू लागल्या की झाडाखाली जुने लुगडे किंवा ताडपत्री पसरून फांद्या हलवाव्या. जमिनीवर बरेच दिवस पडलेले व किडलेले बी घेऊ नये. दोन दिवस सावलीत सुकवून पंख हाताने चोळून काढावे. न काढले तरी चालते. बी अतिशय हलके असून किलोभरात अदमासे २५ ते ३० हजार दाणे बसतात, तेव्हा ओंजळभर बियाने साऱ्या वाडीचे काम भागेल. शेणखत व पोयटा मिसळलेल्या गादीवाफ्यावर बी पातळ पेरून वर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी माती टाकावी, गवताचे हलके आच्छादन द्यावे व सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालावे. उगवण दोन-तीन आठवड्यांत दिसते. चार पाने आली की रोपे पिशव्यांत घ्यावी, अर्धवट सावलीत ठेवावी व हळूहळू उन्हास सोकवावी. ती पुढच्या वर्षी मृग-आर्द्रा लागल्यावर दीड फूट औरसचौरस व तितक्याच खोल खड्ड्यात, पंधरा ते वीस फुटांच्या अंतराने लावावी. पाणी तुंबून राहते अशी जागा टाळावी. पहिली दोन-तीन वर्षे काटेरी फांद्यांचे कुंपण हवेच, कारण जो पाला मोठ्या झाडावरून आपण शेळीस घालणार तोच लहान रोपावरून ती आपण होऊन खाणार.

येथेच आपल्या एका जुन्या सवयीविषयी बोलणे प्राप्त आहे. वावळ्याचे बी गळते त्याच महिन्यांत आपण राब भाजतो व माळाचे गवत पेटवितो. निसर्ग ज्या वेळी फुकट पेरणी करीत असतो, त्याच वेळी आपण त्या पेरणीस आग लावतो, आणि मग पुन्हा रोप विकत घेण्यासाठी अर्ज करतो. गादीवाफ्यावर राबावाचूनही भाताचे चांगले रोप तयार होते, हे आता पुष्कळ शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. ज्यांस राब सोडवत नाही त्यांनी निदान तो खाचरापुरता ठेवावा, भोवती पट्टा साफ करावा, आणि आग माळावर व ओढ्याकाठी जाऊ देऊ नये. एवढ्यानेही काही वावळे न पेरता उभे राहतील.

बाहेरच्या जगातील दोन गोष्टी या संबंधात बोधप्रद आहेत. युरोपात विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात एल्मवर एक बुरशीचा रोग आला. सालीतील भुंगेरा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. हॉलंडमध्ये त्याचा प्रथम कसून अभ्यास झाला म्हणून त्यास डच रोग म्हणतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचा अधिक घातक प्रकार इंग्लंडात शिरला आणि दोन कोटींहून अधिक एल्म मेले. तेथील शेतांच्या कुंपणांत एल्मच एल्म होते, त्यामुळे झाडे गेली तशी शेतांची कडच गेली. दुसरी गोष्ट हिमालयाची. रोगास तोंड देणारी जात तयार करण्यासाठी डच संशोधकांनी हिमालयातील एल्मचा संकरात उपयोग केला. परंतु ज्या पहाडात तो मूळचा आहे तेथे चाऱ्यासाठी तो इतका खांडला गेला की झाड बी धरण्यासच उरेनासे झाले. पहिल्या गोष्टीचा बोध असा की, बांधावर एकाच जातीची रांग नसावी. दहा झाडांत दोन-तीन वावळे असावे व बाकीची निरनिराळी. दुसरीचा असा की, झाड खांडताना निदान एक वर्षाआड त्यास विसावा द्यावा, आणि प्रत्येक वाडीत एक-दोन वावळे केवळ बियासाठी, कोयती न लावता राखावे.

टिटवाळ्यास कण्वमुनींचा आश्रम होता अशी परंपरागत समजूत आहे, आणि महागणपतीच्या दर्शनास येणारे लाखो भाविक ती श्रद्धेने ऐकतात. कालिदासाच्या नाटकात दुष्यंतास शकुंतला प्रथम दिसते ती आश्रमातील झाडांस पाणी घालीत असता. ज्या गावास ही कथा आपली वाटते त्या गावाने झाडे बाहेरून आणलेल्या रोपांच्या ट्रकची वाट पाहत लावावी, हे शोभत नाही.

आपल्या सभासदांपुढे आमची मागणी लहान आहे. येत्या चैत्रात प्रत्येकाने आपल्या शिवारातील वावळे कोठे आहेत ते मोजावे. ज्याच्या हद्दीत एकही नाही त्याने शेजाऱ्याकडून ओंजळभर ताजे बी आणावे. प्रत्येक गावी एका विहिरीवर, जेथे उन्हाळ्यात पाणी टिकते, दोन गादीवाफे संघाच्या खर्चाने करावे व त्यांतील रोपे दुसऱ्या पावसाळ्यात वाटून घ्यावी. खर्च एखाद्या बैलाच्या पेंडीइतकाही नाही. मात्र दिवस चुकवून भागणार नाही. वावळ्याचे बी अर्जाची वाट पाहत नाही, मंजुरीची पाहत नाही, आणि शेतकऱ्याच्या आळसाची तर मुळीच पाहत नाही. ते पिकले की त्याच आठवड्यात पेरले पाहिजे.